जुन्या गाडीची दुरुस्ती संपतच नाही: ठेवावी की विकावी?

प्रश्न: जुळे सोलापूरचा मास्तर

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहतो आणि एका शाळेत शिक्षक आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत शहरातल्याच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून मी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी एक हॅचबॅक २,८५,००० रुपयांना घेतली. मीटर तेव्हा ७१,००० किलोमीटर दाखवत होता आणि आज तो ८२,०००च्या थोडा पुढे आहे. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते, एवढ्याच कारणासाठी ही गाडी घेतली. हौस म्हणून गाडी घेण्याची आमची परिस्थिती नाही.

पहिले दोन महिने गाडी चांगली चालली. एप्रिलमध्ये मंगळवेढ्याला जाताना तिऱ्ह्याच्या पुढे तापमानाचा काटा एकदम वर गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी टोचन करून परत आणावी लागली. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधला सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेले असे सांगून गॅरेजने २४,००० रुपये घेतले. त्यानंतर जूनमध्ये एसीचा कंडेन्सर आणि गॅस यांचे ९,५०० झाले, ऑगस्टमध्ये क्लचचा पूर्ण सेट ११,५०० रुपयांना पडला, ऑक्टोबरमध्ये लोअर आर्म आणि लिंक रॉडचे ८,२०० गेले, नोव्हेंबरात नवी बॅटरी ४,८००ला घेतली, जानेवारीत अल्टरनेटरचे ७,५०० दिले, फेब्रुवारीत रेडिएटरच्या पंख्याची मोटर जळाली म्हणून ३,८०० मोजले, आणि मार्चमध्ये गाडी पुन्हा तापल्यामुळे दुसऱ्यांदा हेड उघडून १६,००० रुपये खर्च केले. म्हणजे चौदा महिन्यांत एकूण ८५,३०० रुपये गेले. यात पेट्रोल, विमा आणि नेहमीची सर्व्हिसिंग धरलेली नाही.

गेल्या शुक्रवारी दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला एसी चालू असताना काटा पुन्हा वर सरकू लागला. मी एसी बंद करून काचा खाली केल्या आणि तसाच कसाबसा घरी आलो. वडील शेजारच्या सीटवर होते. डायलिसिस करून आलेल्या माणसाला बेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्या काचांनी घरी आणावे लागले, ही गोष्ट मला पैशांपेक्षा जास्त लागली आहे.

गॅरेजवाले म्हणतात की जुनी गाडी आहे, असे चालायचेच. एका ओळखीच्या व्यापाऱ्याने आहे त्या स्थितीत १,७०,००० रुपये देऊ केले आहेत. इतका खर्च केल्यानंतर या भावाला गाडी देताना मन धजत नाही आणि ठेवायची तर पुढचे बिल किती येईल याची धास्ती वाटते. उपयोगी पडतील म्हणून आणखी दोन गोष्टी सांगतो. पहिल्या दुरुस्तीनंतर गॅरेजने पंखा ‘डायरेक्ट’ करून दिला, म्हणजे चावी फिरवली की तो सुरू होतो; आणि दर आठवड्याला मला अर्धा-पाऊण लिटर पाणी घालावे लागते, जे मी घरच्या बोअरचेच घालतो. अलीकडच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे हे सगळे होत असावे, असेही एका सहकाऱ्याचे मत पडले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: होटगी रस्ता

मास्तर, माझे मत स्पष्ट आहे: गाडी विकून टाका. माझ्याकडे एक जुनी डिझेल सेडान होती. प्रत्येक मोठ्या बिलानंतर ‘आता सगळे नवे झाले, आता दोन वर्षे पाहायला नको’ असे मी घरच्यांना सांगत राहिलो आणि तीन वर्षे त्याच वाक्यावर काढली. शेवटी इंजेक्टर आणि टर्बो एकाच महिन्यात गेले, तेव्हा ती गाडी ज्या भावात गेली तो भाव इथे लिहिण्यासारखा नाही. पहिल्या वर्षी विकली असती तर निम्मे पैसे तरी वाचले असते. ज्या गाडीचे हेड दोनदा उघडले आहे, तिच्या भरवशावर रुग्णाला नेऊ नये असे मला मनापासून वाटते.

उत्तर: निवृत्त मिस्त्री, अक्कलकोट रस्ता

मास्तर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला आणि बिलांची बेरीज वेगळ्या पद्धतीने मांडून पाहिली. ती तुमच्यापुढे ठेवतो, कारण विकायची की ठेवायची हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग यांचा सेट ८०,००० किलोमीटरच्या आसपास बदलावा लागणे यात वावगे काही नाही. लोअर आर्म आणि लिंक रॉड तर आपल्या रस्त्यांवर त्याआधीही वाजू लागतात. हे १९,७०० रुपये झिजेचे आहेत आणि दुसरी कोणतीही जुनी गाडी घेतली असती तरी ते आज ना उद्या द्यावेच लागले असते. एसीचा कंडेन्सर मी या हिशेबात धरत नाही. उरले ५६,१०० रुपये, म्हणजे दोन वेळचे हेड, पंख्याची मोटर, अल्टरनेटर आणि बॅटरी. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांवरून हा सगळा खर्च एकाच न सापडलेल्या बिघाडापोटी झाला असावा, असे माझे तीस वर्षांचे काम सांगते.

तुम्ही आठवड्याला अर्धा-पाऊण लिटर पाणी घालता, हे वाक्य प्रश्नाच्या शेवटी लिहिले आहे. मी ते सर्वांत वर लिहिले असते. कूलिंगची व्यवस्था बंद असते. तिच्यात घातलेले पाणी कमी होण्याचे काही कारणच नाही. ते कमी होते आहे, म्हणजे एक तर कुठून तरी गळते आहे, किंवा सिलिंडरमध्ये जाऊन जळते आहे, किंवा झाकणातून वाफ होऊन निघून जाते आहे. पहिल्या दोन गोष्टी सगळे तपासतात आणि तिसरी बहुतेक जण सोडून देतात. रेडिएटरच्या झाकणात एक स्प्रिंग असते आणि ती साधारण एक बारचा दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे आतले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रावण, शंभर अंशांना न उकळता जवळजवळ एकशे वीस अंशांपर्यंत तग धरते. स्प्रिंग ढिली पडली की हा आधार जातो, सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीत कूलंट लवकर उकळते, बाटलीत जाते आणि तिथून बाहेर पडते. मालक पातळी कमी दिसते म्हणून पाणी ओततो. कूलंट दर आठवड्याला पातळ होत जाते आणि काही महिन्यांत आत नुसते पाणी उरते.

त्यातही पाणी आपल्या बोअरचे. तुमच्या घरातल्या गिझरच्या कॉइलवर किंवा चहाच्या पातेल्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. त्या नळ्यांतली जागा मुळातच चिंचोळी असते. हा थर उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि पुढे पुढे नळीच बंद करतो. वरून पाहिले तर रेडिएटर धडधाकट दिसतो, पण मधल्या भागावर हात ठेवला तर काही पट्टे गरम आणि काही पट्टे कोमट लागतात. इंजिन बंद करून आणि पंख्याची तार काढूनच ही तपासणी करावी.

आता पंखा डायरेक्ट केल्याबद्दल. गाडी का तापते हे सापडले नाही की हा उपाय केला जातो आणि गिऱ्हाइकाला काही दिवस बरे वाटते. पण हा पंखा ठरावीक तापमानाला सुरू होऊन बंद होण्यासाठी बनवलेला असतो. तो सतत चालला की मोटर लवकर जळते. शहरातल्या सावकाश वाहतुकीत इंजिनाचे फेरे कमी असतात, अल्टरनेटर वीज कमी बनवतो, आणि पंखा, एसी, दिवे मिळून ती सगळी खाऊन टाकतात. कमी पडते ते बॅटरीतून जाते. उन्हाने बॅटरीचे आयुष्य आधीच घटलेले असते. तुमच्याकडे नोव्हेंबरात बॅटरी, जानेवारीत अल्टरनेटर, फेब्रुवारीत मोटर असा क्रम लागला आहे, तो मला योगायोग वाटत नाही.

दुसरी अशीच सवय म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व, काढून टाकण्याची. ‘आपल्याकडे गरमी आहे, त्याचा काय उपयोग’ असे सांगून तो व्हॉल्व फेकून देतात. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचा खालचा भाग बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बरेचसे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते, आणि थंडीच्या सकाळी उलट इंजिन लवकर तापत नाही व पेट्रोल जास्त जाते. तुमच्या गाडीत तो आहे का, हे अवश्य बघून घ्या.

हेडविषयी सांगायचे तर अॅल्युमिनियमचे हेड एकदा जास्त तापले की वाकते. डोळ्यांना ते दिसत नाही. सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्याखाली फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सरकवून मोजावे लागते आणि तिथे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचाही फरक पुष्कळ झाला. वाकलेले असेल तर लेथवर फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून, घ्यायचे असते. अनेक इंजिनांत हेडचे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात, ते पुन्हा वापरायचे नसतात. फेसिंग झाले होते का, बोल्ट नवे टाकले का, हे बिलावर लिहिलेले आहे का ते पाहा. हे सगळे नीट झाले असले तरी झाकण आणि रेडिएटर जुनेच ठेवले असतील, तर नवे गॅस्केटही त्याच उकळीत टाकल्यासारखे झाले.

तुमच्या सहकाऱ्यांना सांगा की इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने गाडी अशी तापत नाही. २०१४च्या गाडीत त्या पेट्रोलाने इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील लवकर कडक होऊ शकतात आणि मायलेज थोडे उतरते, म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला त्या नळ्या चिमटीत दाबून पाहायला सांगा. तेवढे पुरे.

आता दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊन दुरुस्ती करा असे म्हणू नका. तपासणी करा म्हणा आणि तपासणीचे पैसे वेगळे द्या. चार गोष्टी मागायच्या. हातपंपाने कूलिंगमध्ये दाब भरून पंधरा-वीस मिनिटे तो टिकतो का ते पाहायचे, त्याच पंपाला जोडून झाकणही तपासायचे. हेड गॅस्केटसाठी निळ्या द्रावणाची तपासणी करायची. रेडिएटरमधल्या हवेत इंजिनाचा जळका वायू असेल तर पेट्रोल गाडीत ते द्रावण पिवळे पडते. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत भरणारा दाब, मोजायचे. आणि गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून, एसी चालू ठेवून, दुपारच्या उन्हात गाडी उभी करून कूलंटचे खरे तापमान आकड्यांत पाहायचे, कारण डॅशबोर्डवरचा काटा बराच वेळ मध्यावरच बसून राहतो आणि वर जातो तेव्हा उशीर झालेला असतो.

ही तपासणी होईपर्यंत गाडी गावाबाहेर नेऊ नका. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचे पाणी तोंडावर येऊन भाजलेली माणसे मी पाहिली आहेत. गाडी पूर्ण थंड असताना सकाळी झाकण उघडून आतल्या पाण्याचा रंग कसा आहे, आणि ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर आहे का, एवढे मला लिहा.

जुळे सोलापूरचा मास्तर

मिस्त्री, आपण इतके सविस्तर लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आज सकाळी सहा वाजता दोन्ही झाकणे उघडून पाहिली. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ काही नाही, नेहमीचे काळपट ऑइल आहे. रेडिएटरमधले पाणी मात्र विटकरी रंगाचे आहे आणि बोट फिरवल्यावर तोंडाशी बारीक कण हाताला लागले. झाकणाचे रबर एका बाजूने चपटे झाले आहे. मार्चच्या बिलावर ‘हेड काम, मजुरीसह’ एवढेच शब्द आहेत. फेसिंगचा आणि बोल्टचा उल्लेख कुठेही नाही.

उत्तर: जमाखर्च

मिस्त्रींच्या उत्तरात यांत्रिक बाजू पूर्ण आली आहे, म्हणून मी फक्त आकड्यांविषयी लिहितो. मी लेखापालाचे काम करतो.

मास्तर, तुम्ही लिहिले आहे की इतका खर्च केल्यानंतर १,७०,०००ला गाडी देताना मन धजत नाही. ते मी समजू शकतो, पण ८५,३०० रुपये या निर्णयात येऊ देऊ नका. गाडी ठेवली तरी ते परत येणार नाहीत आणि विकली तरी येणार नाहीत. आज तुमच्या हातात १,७०,००० रुपये किमतीची एक वस्तू आहे आणि येत्या बारा महिन्यांत ती किती मागणार, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

कूलिंगचे काम बारा ते पंधरा हजारांत झाले असे धरू. नेहमीच्या सर्व्हिसिंगला आठ-नऊ हजार आणि अडीअडचणीसाठी आणखी पंधरा हजार बाजूला ठेवले, तर वर्षाचे चाळीस हजारांच्या आत-बाहेर होतात. दुसऱ्या बाजूला, हे १,७०,००० भरून आणि चार लाखांचे कर्ज काढून दुसरी गाडी घेतली, तर दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी महिन्याला सुमारे ८,५०० रुपयांचा हप्ता बसेल, म्हणजे वर्षाला १,०२,०००. त्यातली मुद्दल गाडीच्या रूपाने काही प्रमाणात तुमच्याजवळ राहते, हे खरे आहे, पण पाच वर्षांत निव्वळ व्याजच सुमारे १,१०,००० रुपये जाईल. आणि ती गाडीही जुनीच असेल, जिच्या पोटात काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसेल. या गाडीचे निदान तरी तुम्हाला आता ठाऊक झाले आहे.

म्हणून माझा सल्ला असा की तपासणी आधी, निर्णय नंतर. निळ्या द्रावणाच्या तपासणीत हेड पुन्हा गेले आहे असे निघाले, तर एक रुपयाही न घालता गाडी विका आणि घेणाऱ्याला हेड दोनदा उघडले आहे हे सांगून विका. हेड ठीक निघाले, तर कूलिंगचे काम करून घ्या आणि आजच एक आकडा वहीत लिहून ठेवा. माझ्या मते तो २५,००० असावा. कूलिंगचे काम सोडून पुढच्या सहा महिन्यांत एखादे बिल त्याच्या वर गेले, तर दुरुस्ती न करता गाडी काढायची. गॅरेजच्या बाकावर बसून, गाडी लिफ्टवर चढलेली असताना हा आकडा ठरवता येत नाही. तिथे माणूस ‘एवढे केले तर एवढे आणखी’ म्हणतोच. एक गोष्ट लक्षात असू द्या की गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे २०२९मध्ये पूर्ण होतील. त्यानंतर फेरनोंदणीचे शुल्क, हरित कर आणि तपासणी आली, त्यामुळे हिला फार तर तीन-चार वर्षांची सोबत समजा.

वडिलांचा प्रवास मात्र या गणितातून बाहेर काढा. आठवड्यातून दोनदा म्हणजे वर्षाला १०४ फेऱ्या. ओळखीच्या रिक्षावाल्या मामांशी जाण्या-येण्याचे ३०० रुपये ठरवले, तर वर्षाचे ३१,२०० होतात आणि दोन महिन्यांचे पाच हजारांच्या थोडे वर. गाडीवर विश्वास बसेपर्यंत ही सोय करा. डायलिसिसची वेळ चुकवून चालत नाही, आणि जी गोष्ट चुकवून चालत नाही ती संशयित गाडीवर टाकू नये.

उत्तर: ग्राहक मंचाचा वाचक

मास्तरांनी कायद्याचे काही विचारलेले नाही, तरीही दोन गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण वेळ निघून गेल्यावर त्या उपयोगाच्या राहत नाहीत.

गाडी तुम्ही व्यापाऱ्याकडून घेतली आहे. एखाद्या गृहस्थाने आपली स्वतःची गाडी विकली, तर तो व्यापारी ठरत नाही आणि ग्राहक कायद्याचा आधार सहसा मिळत नाही. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. अशा व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते त्याच्याकडे होते का, आणि विकताना त्याने गाडीच्या स्थितीविषयी लेखी, जाहिरातीत किंवा संदेशात काय सांगितले होते, ते शोधून ठेवा. ‘इंजिनाला हात लावलेला नाही’ असा संदेश मोबाइलमध्ये असेल, तर तो पुसू नका.

पण माझ्या दृष्टीने तुमचा अधिक मजबूत मुद्दा गॅरेजविरुद्ध आहे. दुरुस्ती ही पैसे देऊन घेतलेली सेवा आहे आणि तिच्यातल्या उणिवेबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवता येते आणि पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात.

त्यासाठी कागद हवा. दुसऱ्या गॅरेजमध्ये तपासणी कराल तेव्हा निष्कर्ष त्यांच्या छापील कागदावर, तारीख, गाडीचा क्रमांक आणि किलोमीटर घालून, सही-शिक्क्यासह मागा. बदललेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून घरी आणा. यापुढे काम सुरू होण्याआधी जॉब कार्डवर काय करायचे आणि अंदाजे किती लागतील ते लिहून घ्या, आणि त्याहून जास्त लागणार असेल तर फोन केल्याशिवाय हात लावू नये, अशी ओळ स्वतःच्या हाताने लिहा. भांडायच्या आधी एक साधे, सभ्य पत्र द्या. बऱ्याच गॅरेजवाल्यांना आपले नाव जपायचे असते, आणि पत्र हातात पडले की बोलणे बदलते. पहिल्या पत्रात दमदाटीची भाषा वापरू नये, असे माझे अनुभवाचे सांगणे आहे.

जुळे सोलापूरचा मास्तर

तीन आठवडे झाले. आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, म्हणून काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य समजतो.

एमआयडीसीजवळच्या एका गॅरेजमध्ये फक्त तपासणीसाठी गाडी नेली. तपासणीचे वेगळे पैसे देतो म्हटल्यावर तिथल्या मिस्त्रींना आधी आश्चर्य वाटले, पण नंतर त्यांनी मला जवळ उभे करून प्रत्येक गोष्ट दाखवली. झाकण पंपाला जोडल्यावर काटा ०.४ बारच्या पुढे जाईना, तिथेच हवा फुसकन सुटत होती. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नव्हताच, रिकामी जागा होती. रेडिएटर उतरवून पाणी सोडले तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश नळ्यांतून पाणी येत नव्हते आणि उरलेल्यांतून तांबडा गाळ आला. निळ्या द्रावणाच्या तपासणीकडे मी डोळे लावून बसलो होतो. दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले, द्रावण निळेच राहिले. कॉम्प्रेशनही चारही सिलिंडरमध्ये जवळपास सारखे भरले. म्हणजे हेड आज तरी ठीक आहे.

नवा रेडिएटर ६,४००, झाकण ३५०, थर्मोस्टॅट १,१५०, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर १,२००, पंख्याचे वायरिंग रिलेसह मूळ पद्धतीने करण्याचे ९०० आणि मजुरी १,८००, असे एकूण ११,८०० रुपये झाले. कूलंटच्या बाटलीवर मी मार्करने एक रेघ मारून शेजारी तारीख लिहिली आहे आणि रोज सकाळी चावी लावण्याआधी ती पाहतो. मंगळवेढ्याची एक खेप धरून ६४० किलोमीटर झाले, पातळी रेघेवरच आहे. परवा भर दुपारी आसरा चौकात एसी लावून मुद्दाम वीस मिनिटे गाडी उभी केली होती. मोबाइलला जोडलेल्या स्कॅनरवर तापमान ९७ अंशांपर्यंत जायचे, पंखा सुरू व्हायचा आणि ९१वर येऊन बंद व्हायचा. पंखा बंद होतो हे मी या गाडीत पहिल्यांदाच ऐकले.

जुन्या गॅरेजला तपासणीच्या कागदाची प्रत जोडून पत्र दिले. मालकांनी ते माझ्यासमोर दोनदा वाचले, थर्मोस्टॅट आपल्याच गॅरेजमधल्या मुलाने काढला असावा हे मान्य केले आणि मार्चच्या कामाची मजुरी परत करण्याविषयी आठवड्याने बोलावले आहे. पैसे मिळाले नाहीत तर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे; कागद तयार आहेत.

वहीत २५,००० हा आकडा लिहून बायकोची आणि माझी सही केली आहे. वडील सध्या रिक्षानेच जातात. गाडी एवढी नीट झाली आहे तर आता तीच काढ, असे ते काल म्हणाले. पातळी दोन हजार किलोमीटर त्याच रेघेवर राहिली तर काढीन, असे मी त्यांना सांगितले. तोपर्यंत मामांची रिक्षा दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी सातला दारात येईल, असे ठरले आहे.

निवृत्त मिस्त्री, अक्कलकोट रस्ता

आकडे बरोबर आहेत. एक हजार किलोमीटरला नळीच्या क्लिपा एकदा पाहून घ्या, नव्या रबरावर त्या थोड्या ढिल्या पडतात. आणि घरात दोन लिटर तयार कूलंटचा डबा ठेवा, म्हणजे घाईच्या वेळी हात बोअरच्या नळाकडे जाणार नाही.